वजनाचं इंजेक्शन: किती उतरतं आणि काय उतरतं

पुण्यात टिळक रोडच्या मागच्या गल्लीत आमचं औषधांचं दुकान आहे. रस्त्यावरून वर यायला तीन पायऱ्या. एक काकू कित्येक वर्षं दर महिन्याला मधुमेहाच्या गोळ्या न्यायला येतात, वय बासष्ट. गेल्या वर्षी त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना आठवड्यातून एकदा घ्यायचं टिर्झेपेटाइडचं इंजेक्शन सुरू केलं. आठ महिन्यांत काकू ८४ किलोंवरून ७५ वर आल्या. साखर ताब्यात आली, गुडघ्यांचं दुखणं कमी झालं, ब्लाउज आटवून घ्यावे लागले. हे सगळं त्या मला पायऱ्या चढता चढता आनंदाने सांगत होत्या, आणि तिसऱ्या पायरीवर थांबल्या. भाजीची पिशवी खाली टेकवली, कठडा धरला आणि म्हणाल्या, "अगं, एवढी हलकी झालेय, मग चढताना पाय का भरून येतात?"

काउंटरवर मला रोज विचारतात ते वेगळंच. "कुठल्या इंजेक्शनने जास्त उतरतं?" त्याचे आकडे आहेत, पुढे देतेच. पण उतरलेल्या किलोंमध्ये चरबी किती आणि स्नायू किती, हे विचारणारं क्वचित भेटतं. आपल्या अंगकाठीच्या माणसांनी तर तेच आधी विचारायला हवं.

आधी हे औषध करतं काय, ते पाहू. जेवण आतड्यात पोचलं की आतडं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतं. ते स्वादुपिंडाला सांगतं, साखर येतेय, इन्सुलिन सोड. जठराला सांगतं, घाई नको, अन्न हळूहळू पुढे सरकव. मेंदूला सांगतं, पुरे आता, पोट भरलं. पण शरीरातलं हे संप्रेरक दोनेक मिनिटांतच निम्मं संपतं. त्याच निरोपाची जास्त टिकणारी नक्कल म्हणजे ही इंजेक्शनं. अशा पहिल्या औषधाचा धागा मिळाला तो गिला मॉन्स्टर नावाच्या अमेरिकी वाळवंटातल्या विषारी सरड्याच्या लाळेत. त्यातून झालेलं एक्झेनाटाइड २००५ साली अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झालं, तेव्हा ते दिवसातून दोनदा टोचावं लागायचं. नंतरचं लिराग्लुटाइड दिवसातून एकदा. सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मं जायला जवळजवळ आठवडा लागतो, टिर्झेपेटाइडला पाचेक दिवस. म्हणून ही दोन्ही आठवड्यातून एकदाच घ्यायची. टिर्झेपेटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

घेणारे लोक सांगतात ते फार सोपं असतं. भूक कमी होतेच, शिवाय खाण्याचा विचार सतत डोक्यात घोळत राहतो तो थांबतो. संध्याकाळी पाचला डब्यातल्या बाकरवडीकडे हात जायचा, तो जात नाही. वर्षानुवर्षं ज्यांना "तोंडावर ताबा ठेव" असं ऐकून घ्यावं लागलं, त्यांच्यासाठी ही मोठी सुटका असते. अशी माणसं माझ्यासमोर डोळे पुसताना मी पाहिली आहेत. लठ्ठपणा हा आळसाचा पुरावा नाही, तो आजार आहे, आणि त्यावर खरोखर गुण देणारं औषध आलं आहे. पुढे धोक्यांबद्दल बरंच लिहिणार आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

कोणतं किती उतरवतं

लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड या तिन्ही औषधांच्या मोठ्या चाचण्या झाल्या आहेत, आणि प्रत्येक चाचणीत औषध घेणाऱ्यांनाही आणि नुसतं पाणी टोचून घेणाऱ्यांनाही आहार-व्यायामाचं मार्गदर्शन होतं. लिराग्लुटाइडने ५६ आठवड्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरलं. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत १४.९ टक्के, आणि औषध नसलेल्यांचं २.४ टक्के. टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. २०२५ साली तर शेवटची दोन एकाच चाचणीत समोरासमोर आली, त्यात टिर्झेपेटाइडने २०.२ टक्के आणि सेमाग्लुटाइडने १३.७ टक्के वजन उतरवलं. म्हणजे ९० किलोंच्या माणसाचे एकाने अठरा किलो, दुसऱ्याने बारा.

हे आकडे वाचून कुणी आपल्या वजनातून सरळ वजाबाकी करू नये. सरासरीच्या अलीकडे-पलीकडे पुष्कळ माणसं असतात. शिवाय मधुमेह असेल तर वजन कमी उतरतं: सेमाग्लुटाइडने साधारण ९.६ टक्के, टिर्झेपेटाइडने १४.७. काकूंचे आठ महिन्यांतले नऊ किलो त्या हिशेबात चांगलेच म्हणायचे. शेजारच्या बाईचे सोळा उतरले म्हणून त्या हिरमुसल्या होत्या. शेजारणीला मधुमेह नाही.

काट्यावर न दिसणारे फायदे मला जास्त मोलाचे वाटतात. हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ जाड माणसांवर सेमाग्लुटाइडची चाचणी झाली. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. मधुमेहामुळे मूत्रपिंडं बिघडत चाललेल्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडाचे गंभीर त्रास आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून २४ टक्क्यांनी कमी झाले. घोरता घोरता श्वास अडकण्याच्या आजारावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर, अमेरिकेत टिर्झेपेटाइड डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं. तेव्हा ज्यांचं हृदय, मूत्रपिंड किंवा झोप धोक्यात आहे त्यांच्यासाठी फायद्याचं पारडं जड आहे. लग्नाच्या फोटोसाठी पाच किलो उतरवायचे आहेत, त्यांच्यासाठी तसं नाही. अशा मुली आणि त्यांच्या आया चिठ्ठीशिवाय मागायला येतात आणि मी त्यांना परत पाठवते.

पोटाची तक्रार

दुष्परिणामांमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येते ती मळमळ. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत शंभरातल्या ४४ जणांना ती झाली, टिर्झेपेटाइडच्या चाचणीत मात्रेनुसार २५ ते ३३ जणांना. जुलाब, उलट्या, बद्धकोष्ठ हेही दोन्हींकडे दिसतं, सेमाग्लुटाइडकडे त्यांचं प्रमाण जास्त. चाचण्या वेगळ्या आहेत, त्यामुळे या आकड्यांची तंतोतंत तुलना करणं बरोबर नाही. दुष्परिणामांमुळे औषध सोडून देणारे दोन्हींकडे शंभरात चार ते सात होते. बाकीच्यांना त्रास झाला तो बहुधा सौम्य, आणि मात्रा वाढवल्यावरच्या पहिल्या दिवसांत.

म्हणूनच मात्रा जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढवतात. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून चार-चार आठवड्यांनी २.४ पर्यंत नेता येतं, टिर्झेपेटाइड २.५ पासून १५ पर्यंत. वरच्या पायरीवर गेलंच पाहिजे असं नाही. मधल्या मात्रेवर वजन उतरतंय, पोट शांत आहे, तर डॉक्टर तिथेच थांबवतात. काही जण अमेरिकेला मुलाकडे दोन-तीन महिने जातात, तिकडे इंजेक्शन बंद ठेवतात आणि आल्या आल्या जुनीच मोठी मात्रा टोचतात. मग दोन दिवस उलट्या थांबत नाहीत. दोन-तीन आठवड्यांच्या वर खंड पडला असेल तर पुन्हा कुठून सुरुवात करायची, हे डॉक्टरांना फोन करून विचारा.

त्रास का होतो हे कळलं की निम्मा टाळता येतो. जठर सावकाश रिकामं होतंय. त्यात तर्रीवाली मिसळ आणि चार पाव घातले तर ते तासन्तास तिथेच बसणार. करपट, कुजक्या अंड्याच्या वासाचे ढेकर येतात ते त्यामुळेच. तेलकट, तुपकट आणि एका वेळी भरपूर, हे तिन्ही या औषधाशी जमत नाही. आपल्याकडची खरी परीक्षा असते उपासाची. दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी ताटभर साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी मळमळीची तक्रार घेऊन हमखास कुणीतरी येतं. अर्धी वाटी, सावकाश चावून, आणि पोट भरल्याची पहिली खूण मिळाली की ताट बाजूला, एवढं जमवलं तर पुष्कळ फरक पडतो.

पाण्याकडे मात्र लक्ष हवं. भुकेबरोबर तहानही कमी लागते असं बरेच जण सांगतात. त्यात उलट्या-जुलाब झाले तर अंगातलं पाणी आटून मूत्रपिंडांवर ताण येतो. पुण्यातल्या एप्रिलमध्ये हे चटकन होऊ शकतं.

थांबायचं कुठे

काही त्रास दुर्मीळ आहेत, पण ते झाले तर घरी थांबायचं नाही. वरच्या पोटात असह्य दुखतंय, पाठीकडे जातंय, उलट्या होताहेत, तर तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. उजव्या बरगडीखाली कळ, ताप, कावीळ असेल तर पित्ताशयातले खडे. वजन भराभर उतरलं की खडे होण्याची शक्यता तशीही वाढते. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत पित्ताशयाचे त्रास २.६ टक्के जणांना झाले, औषध नसलेल्यांना १.२ टक्के. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटण्याचा हा प्रकार सेमाग्लुटाइडमुळे दहा हजारांत फार तर एकाला होऊ शकतो, असा निष्कर्ष युरोपच्या औषध संस्थेने २०२५ मध्ये काढला. ज्यांना जुना मधुमेह आहे त्यांनी इंजेक्शन सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, कारण साखर झपाट्याने उतरली की पडद्याचा आधीचा आजार काही काळ बळावू शकतो.

घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला असेल तर ही औषधं घेत नाहीत. उंदरांमध्ये अशा गाठी दिसल्या होत्या, त्यावरून ही सक्त सूचना आली. गरोदरपणात चालत नाहीत, आणि मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करतात. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा आजार, असलेल्या मुलींना हे मी आवर्जून सांगते: वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. त्यातून टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो. इंजेक्शन सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधनही वापरावं लागतं.

मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून त्यांची मात्रा कमी करावी लागते. काकूंच्या डॉक्टरांनी ती पहिल्याच महिन्यात निम्म्यावर आणली होती. आणि मोतीबिंदूपासून गुडघ्यापर्यंत कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनबद्दल सांगायचंच. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं, आणि भुलेत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

पुण्यातला फोटो

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते. त्याचं उत्तर समजायला रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो फार उपयोगी पडतो. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. एका बाजूला डॉ. याज्ञिक, दुसऱ्या बाजूला लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. काटा दोघांबद्दल एकच सांगतो आणि शरीरं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली ३.५ ची. आपली बाळं कमी वजनाची, पण त्यांची चरबी मात्र तितकी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू.

म्हणजे आपल्यातल्या पुष्कळ जणांकडे मुळात स्नायूंचं भांडवल थोडं. वजन कुठल्याही मार्गाने उतरवलं, अगदी नुसत्या डाएटने, तरी चरबीबरोबर थोडं मांसही जातं. ते किती जातं हे औषधांच्या चाचण्यांमध्ये काही जणांच्या शरीराचं स्कॅन करून मोजलं आहे. टिर्झेपेटाइडच्या चाचणीत उतरलेल्या वजनाचा साधारण पाव भाग चरबीखेरीजचा होता, सेमाग्लुटाइडच्या चाचणीत चाळीस टक्क्यांच्या आसपास. हा सगळा भाग स्नायूंचाच असतो असं नाही, त्यात पाणीही येतं. पण बासष्टाव्या वर्षी नऊ किलोंमधले दोन-अडीच किलो असे गेले, तर पायऱ्यांवर ते कळणारच.

मी काकूंना विचारलं, दिवसभरात खाता काय? सकाळी दोन चमचे पोहे, दुपारी अर्धी भाकरी आणि भाजी, रात्री ताकभात. भूक नाही, त्यामुळे त्यांना वाटत होतं सगळं छान चाललंय. मी कागदावर मांडून दाखवलं. प्रथिनं मुश्किलीने वीस-बावीस ग्रॅम भरली. निरोगी माणसासाठी आपल्याकडचं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, आणि वजन उतरत असताना आहारतज्ज्ञ किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडं वरच सांगतात. मूत्रपिंडं बिघडलेली असतील तर डॉक्टरांना विचारूनच. काकूंसाठी ते झालं पंच्याहत्तर. शाकाहारी घरात आणि मेलेल्या भुकेत ते गाठणं सोपं नाही, पण ताटाचा क्रम बदलला तर जवळ जाता येतं. आधी मटकीची उसळ किंवा पनीर खायचं, मग आमटी, आणि जागा उरली तर भाकरी. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा ग्रॅम मिळतात, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांमध्ये पंचवीसेक, वाटीभर उसळीत सात-आठ. अंडं चालत असेल तर एकात सहा.

नुसतं खाऊन भागत नाही, स्नायूंना कामही हवं. सारसबागेला दोन फेऱ्या मारल्या की व्यायाम झाला असं आपण मानतो. चालणं हृदयाला चांगलंच आहे, पण स्नायू राखायला ओझं लागतं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, भिंतीला हात लावून दंड काढणं. ज्यांचे गुडघे परवानगी देतात त्यांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच. हे काम इंजेक्शनच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू व्हायला हवं, आणि चिठ्ठीवर औषधाच्या नावाखालीच लिहिलेलं असावं असं मला कळकळीने वाटतं.

कारण इंजेक्शन थांबवल्यावर काय होतं हेही मोजलेलं आहे. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या लोकांनी औषध बंद केलं तेव्हा वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. रक्तदाबाची गोळी थांबवली की दाब चढतो, तसंच हे. चरबी आपोआप परत येते, स्नायू मात्र कष्टाने कमवावे लागतात. दर वर्षी चालू-बंद करणाऱ्याचं वजन जुन्या आकड्यावर येतं आणि अंगात चरबी आधीपेक्षा जास्त, असं होऊ शकतं. सुरू करण्याआधी दोन-तीन वर्षांचा खर्च डोळ्यांसमोर आणा, असं मी म्हणते ते याचसाठी. भारतात मार्च २०२५ मध्ये मौंजारो, म्हणजे टिर्झेपेटाइड, आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमची एक बाटली ४,३७५ रुपयांना होती, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. जूनमध्ये वेगोवी, म्हणजे सेमाग्लुटाइड, आलं, नोव्हेंबरमध्ये त्याची किंमत ३७ टक्क्यांपर्यंत उतरली. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत संपली आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. परवडणाऱ्यांची संख्या वाढेल याचा मला आनंद आहे. पण स्वस्त झालं म्हणून चिठ्ठीशिवाय, व्हॉट्सॲपवरून किंवा जिममधल्या कुणाकडून लेबल नसलेली बाटली घेऊ नका. आमच्याकडे एक तरुण अशी बाटली दाखवायला आला होता. इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या खुणा आणि मिलिग्रॅम यांची गल्लत करून त्याने कितीतरी पट मात्रा घेतली होती आणि दीड दिवस उलट्या केल्या होत्या.

पक्कं बिल, बॅच नंबर आणि थंडगार खोका, या तीन गोष्टी पाहून घ्या. घरी २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेलं पेन वितळलं तरी वापरायचं नाही. दुकानातून नेताना आइस पॅक आणि पेन यांच्यामध्ये कापडाची घडी ठेवा.

काकूंच्या डॉक्टरांनी नंतर मात्रा वाढवायची थांबवली आणि त्यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. गेल्या तीन महिन्यांत वजन एकाच किलोने उतरलं. परवा त्या आल्या, पिशवी काउंटरवर ठेवली आणि दुकानातल्या स्टुलावर बसून दोन्ही हात छातीशी घेतले. "मोज," म्हणाल्या. मी मोजत गेले आणि त्या उठत-बसत राहिल्या. अकरा झाल्यावर थांबल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "पेन काढ फ्रिजमधून. आणि घडीला कापड मी घरून आणलंय."